फळ्यावरचा रंधा

सोहारच्या सरकारी शाळेत, मागच्या अंगाला, एक खोली आहे.
आधी तिथे मोडकी बाकं टाकायचे.
आता दारावर अरबीत लिहिलंय: कार्यशाळा.
मी अक्षर अक्षर लावून वाचलं,
म्हटलं, चला, निदान पाटी तरी लागली.

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळचे दोन तास
कंपनी मला इथे उसना देते.
एरवी माझं काम छपरांवर,
पंचेचाळीस अंशांत दुसऱ्यांना गारवा पुरवायचा.

पुस्तकात कॉम्प्रेसरची आकृती आहे, सुबक,
सात बाण, सात नावं.
मुलांना सातही पाठ.
मी एक जळका कॉम्प्रेसर करवतीने उभा चिरून आणला,
टेबलावर ठेवला, विचारलं, यातलं कुठलं काय?
वर्गात एसीचाच तेवढा आवाज.

मला हसू आलं नाही.
चिपळूणला नगरपालिकेच्या शाळेत
आमचे खातू गुरुजी फळ्यावर रंधा काढायचे.
काय रेखीव! पातं, पाचर, मूठ,
प्रत्येक भागाला आकडा.
शाळेत रंधा नव्हता. मागणीपत्र जिल्ह्याला गेलेलं होतं.
सुताराचा नारायण त्या प्रश्नाला शून्य घेऊन बसला,
कारण त्याने पातं तिरकं काढलं,
जसं ते खरोखर असतं.
मी पास झालो.
अठराव्या वर्षी, पहिल्याच नोकरीत,
पाना उलटा धरला म्हणून फोरमनने तो काढून घेतला
आणि हातात झाडू दिला.

म्हणून इथे मी फळा पुसूनच सुरुवात करतो.
मुख्याध्यापक उस्ताद जहरान यांना ते खटकलं.
अभ्यासक्रम कधी संपणार?
मी म्हटलं, सर, तांब्याची नळी पहिल्या वीस वेळा फाटते.
वीस वेळांना तासिका किती, ते तुम्ही ठरवा.
ते खिडकीबाहेर बघत राहिले.
पुढच्या आठवड्यात नळीचं भेंडोळं आलं, पंधरा मीटर,
आणि जोडीला भरायचे तीन नवे फॉर्म.

गसान नळी फाडतो, हसतो, पुन्हा फाडतो.
हिलालला दिशदाशाच्या बाह्या दुमडायची लाज वाटते.
मोठा भाऊ कचेरीत खुर्चीवर,
घरी म्हणतात, हे काम हिंदी लोकांचं.
मला तोंडावर सांगतो, मनात काही नसतं त्याच्या.
मी म्हणतो, बरोबर आहे. आमच्याकडेही
हे काम नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

आणि एक मुराद आहे, बलुची, मच्छीमाराचा.
लिहिताना अडखळतो,
पण युनिटला डोकं टेकवतो, डोळे मिटतो
आणि सांगतो: बेअरिंग.
उघडून बघावं तर बेअरिंग.
बापाच्या होडीचं इंजिन ऐकत झोपलेलं पोर.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं.
यापुढे तंत्रज्ञांच्या जागा इथल्या मुलांना.
बरोबरच आहे, देश त्यांचा.
यादीत माझं नाव चौथं.
डबा खाताना हिशेब मांडला: ग्रॅच्युइटी,
मुक्ताची इंजिनिअरिंगची राहिलेली दोन वर्षं,
घरावरचा अर्धा स्लॅब.
डबा तसाच राहिला.
गुरुवारी नेहमीसारखा शाळेत गेलो.
ब्रेझिंग शिकवायचं बाकी होतं.

मुरादला कळलं होतं. सोहार ते केवढंसं.
ज्योत निळी कशी करायची ते दाखवत होतो,
तर मोडक्या हिंदीत विचारतो,
उस्ताद, मीच तुमच्या जागेवर आलो तर?
म्हटलं, ज्योतीकडे बघ.
चांदीची सळई विरघळली, सांध्याभोवती फिरली
पाण्यासारखी, कुठेही न अडता.
हात त्याचा होता.

काल त्याचा अर्ज माझ्याकडे आला, शिफारशीसाठी.
लेखी परीक्षेच्या रकान्यात एक्केचाळीस.
खाली दोन ओळींची जागा.
एक ओळ लिहून खोडली. मग लिहिलं:
याचा कान चांगला आहे.
सुरुवातीला नळ्या फाटतील. फाटू द्या.